रडायचं ते चौथ्या पानावर

पगारेकाका आमच्या वाचनालयात पुस्तक न्यायला येत नसत, पुस्तक तपासायला येत. रविवारी सकाळी साडेनऊला दाराशी स्कूटर लावायची, हेल्मेट काखेत धरायचं, "जयभीम ताई" म्हणायचं आणि परत आलेल्या अंकांच्या ढिगातून एक अंक उपसून खिडकीपाशी जाऊन बसायचं. मग शर्टाच्या खिशातून भिंग निघायचं. साधं नाही, घड्याळ दुरुस्त करणारे डोळ्यात अडकवतात तसलं. ते लावून काका पानं बघत. वाचत नसत, बघत. पान तिरकं धरत, ट्यूबलाइटसमोर धरत, कडेवरून बोट फिरवत, वास घेत. आणि मग निकाल देत.

"हळद. हा अंक स्वयंपाकघरात वाचलाय ताई. पहिलं पान पूर्ण, दुसरं अर्धं. मग कुकरची शिट्टी झाली."

किंवा, "इथे खोबरेल तेल आहे. वाचक आडवा होता. याच ओळीवर झोपला."

नवीन सभासद बिचकायचे. आमच्या समोरच्या सावंतबाईंनी पहिल्यांदा हा प्रकार पाहिला तेव्हा माझ्या कानाशी लागून विचारलं, "पोलिसांतले आहेत का हो?" मी म्हटलं, नाही, लेखक आहेत. त्यावर सावंतबाईंनी पदर सावरला आणि पुढचे दोन रविवार त्या आल्याच नाहीत.

पेडणेकर वाचनालय म्हणजे बदलापूर पश्चिमेला, मांजर्लीत, आमच्या तळमजल्यावरच्या घराची पुढची खोली. तीन रॅक, एक टेबल, आणि टेबलामागे मी. दिवाळीपासून पार मेपर्यंत आमचं सगळं दिवाळी अंकांवर चाले. काका आधी आमच्या समोरच्याच इमारतीत भाड्याने राहत. सभासद त्यांच्या बायको होत्या, विमलवहिनी. पुढे त्यांनी चिखलोलीला फ्लॅट घेतला, कारण तिथे रेल्वे स्टेशन होणार असं बिल्डरने सांगितलं होतं. आजूबाजूला गवत, मधून चाललेले रूळ, आणि स्टेशन फक्त बिल्डरच्या बोलण्यात. पण काकांना शंका नव्हती. "होणार. ड्रॉइंगमध्ये आहे म्हणजे होणार."

ड्रॉइंग हा काकांचा देव. अंबरनाथच्या एका इंजिनिअरिंग कारखान्यात त्यांनी बत्तीस वर्षं तपासनीस म्हणून काढली होती. कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक नगाला गेज लावायचं, बसला तर पुढे, नाही बसला तर रिजेक्ट. निवृत्त झाले तरी हात थांबला नाही. आमच्याकडे चहा आला की कपाच्या कानात बोट घालून बघत आणि म्हणत, "अर्धा मिलिमीटर कमी आहे." मी म्हणायचे, बोट अर्धा मिलिमीटर जास्त असेल काका. मग ते मनापासून हसत. ते हसले की दिसायचं की हा माणूस एरवी हसत नाही.

त्यांच्या कथासुद्धा गेज लावलेल्या. वर्षाला एक. अंबरनाथची काही कामगार मंडळी एक दिवाळी अंक काढायची, उल्हासनगर कॅम्प दोनमधल्या एका छापखान्यात तो छापला जायचा, आणि त्यात काकांची कथा ठरलेली असायची. एक कथा निव्वळ लिफ्टच्या तक्रारवहीतली होती. चौथ्या मजल्यावरचं नवरा-बायकोचं जोडपं लिफ्ट बंद पडल्याच्या तक्रारी लिहितं आणि त्यावरून तुम्ही ओळखायचं की दोघं वेगवेगळ्या वेळी घरी येतात आणि बोलत नाहीत. एक कथा म्हणजे लग्नाच्या हॉलमध्ये माइकवरून केलेल्या सूचना. एमएच झिरो पाच नंबरची पांढरी गाडी कोणाची आहे त्यांनी काढावी, मुलीच्या मामांनी स्टेजकडे यावे, मुलीच्या मामांनी ताबडतोब स्टेजकडे यावे. एक कथा वरून खाली वाचली तर चोराची होती आणि खालून वर वाचली तर पोलिसाची. वाचणारा म्हणायचा, बापरे, काय डोकं आहे! आणि पान उलटून राशिभविष्याकडे जायचा.

हेच काकांचं दुखणं होतं.

"ताई, सगळे डोक्यालाच हात लावतात," ते म्हणत. "कोणी गळ्याला हात लावत नाही."

त्यांचा प्रश्न साधा होता, आणि तो त्यांनी मला निदान पन्नास वेळा विचारला असेल. गणित सुटल्यावर माणसाला बरं वाटतं. मग त्याच बरं वाटण्यात डोळ्यांत पाणी का येऊ नये? कथा हुशार असली म्हणजे ती कोरडीच असली पाहिजे, असं कुठे लिहिलंय? "एकाच नगात दोन्ही बसलं पाहिजे ताई. बसतं. मी बसवून दाखवतो."

त्यासाठी त्यांचे नियम होते. आई, कुत्रं आणि दवाखाना या तीन वस्तू वापरायच्या नाहीत. "त्या वापरल्या की कोणीही रडवतो. त्या माझ्या ड्रॉइंगच्या बाहेर."

एकदा सावंतबाई डोळे लाल करून अंक परत द्यायला आल्या. कुठल्याशा कथेत मालक गावाला गेला आणि कुत्रं फाटकापाशी वाट बघत बसून मेलं. काका खिडकीपाशी होते. त्यांनी अंक मागून घेतला, भिंग लावलं आणि पानावरचे डाग तपासले. "खरे आहेत," ते म्हणाले. "कडेला मीठ धरलंय." मग कथा वाचली. "कुत्रं मेलं म्हणून रडल्या. रिजेक्ट." पण त्यानंतर पुष्कळ वेळ ते त्या डागांवरच भिंग धरून बसले होते. एवढ्या वयाच्या माणसाच्या चेहऱ्यावर एवढा हेवा मी पाहिलेला नव्हता.

काकांची आणखी दोन वेडं सांगायला हवीत. त्यांची कथा चारच पानांची असायची आणि ती डाव्या पानावरच सुरू झाली पाहिजे, असा हट्ट असायचा. अलीकडे तो फारच वाढला होता. एकदा मी जीन्सला चेन लावून घ्यायला कॅम्प दोनला गेले होते, तेव्हा मला छापखान्यात हे भांडण ऐकायला मिळालं. छापखान्याचे मोटवानीशेठ कपाळाला हात लावून बसले होते.

"साईं, लेफ्ट क्या, राइट क्या! पढ़नेवाले को क्या फरक पड़ता है?"

"मला पडतो. डावीकडे सुरू करा."

"फिर मेरी अगरबत्ती की ऍड किधर जाएगी?"

"माझ्या चौथ्या पानाच्या मागे."

शेठनी माझ्याकडे पाहून हात जोडले. "मैडम, दिमाग तो इनका एकदम फर्स्टक्लास है. पर मेरी घरवाली मराठी पढ़ती है ना, वो पूछती है, इसमें रोने का किधर है?"

काका दाराकडे वळले. बाहेर आल्यावर जीन्सच्या ढिगाऱ्यांमधून वाट काढता काढता म्हणाले, "ती बाई बरोबर विचारते."

दुसरं वेड कव्हरांचं. नवे दिवाळी अंक आले की त्यांना खाकी कव्हर घालायचं, शिक्का मारायचा, मगच वाटायचे. हे काम काकांनी आपणहून अंगावर घेतलं होतं. घरून वाटीत मैद्याची खळ करून आणत, सकाळपासून दुपारपर्यंत बसून सगळ्या अंकांना कव्हरं घालत. एकाही अंकाला सुरकुती नाही. मी फुकटचा कामगार मिळाला म्हणून खूश होते.

आता विमलवहिनींचं सांगते. त्या काकांच्या पहिल्या वाचक. कथा पूर्ण झाली की काका त्यांना वाचून दाखवत. त्या तांदूळ निवडता निवडता ऐकत आणि शेवटी म्हणत, "हुशार आहात हो," आणि तांदूळ धुवायला उठत. काका ही गोष्ट तक्रार म्हणून सांगायचे, पण सांगताना त्यांचा आवाज मऊ व्हायचा. चिखलोलीला गेल्यावर दीड वर्षात वहिनी गेल्या. आजार लांबला होता. काका त्या दिवसांत रविवारी येत, वहिनींच्या कार्डावर त्यांच्यासाठी दोन मासिकं नेत आणि भिंग न काढताच जात.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम अंबरनाथच्या एका हॉलमध्ये होता. मी गेले होते. वंदना झाली, कारखान्यातले दोघं-तिघं बोलले, नेहमीचंच बोलले. मग काका उठले. हातात कागद नव्हता. त्यांनी वहिनींच्या शेवटच्या सकाळपासून सुरुवात केली आणि मागे मागे जात राहिले. एकेक वर्ष उलगडत गेलं, वहिनी तरुण होत गेल्या. चिखलोलीचा फ्लॅट गेला, मांजर्लीची भाड्याची खोली आली, तीही गेली. अखेर राहिली ती एक एकोणीस वर्षांची मुलगी, हातात पत्र्याची पेटी घेऊन मनमाडच्या एसटी स्टँडवर उभी. ती समोरच्या अनोळखी मुलाला पत्ता विचारते. "आणि मी म्हणालो, मला माहीत नाही." एवढं बोलून काका थांबले.

माझा हात गळ्याकडे गेला होता. खरंच गेला होता. आणि तेवढ्यात टाळी वाजली. मग दुसरी. मग सगळा हॉल टाळ्या वाजवायला लागला. पहिली टाळी कोणाची होती मला माहीत नाही. माझी तिसरी किंवा चौथी असेल. इतकं सुरेख जमलं होतं ते, की हात आपोआप उठले. काकांनी सवयीने मान झुकवली. "आभारी आहे," म्हणाले. आणि मग आपण कुठे उभे आहोत हे त्यांच्या ध्यानात आलं. तो चेहरा मी पाहिला आणि माझे हात मांडीवर पडले. पण वाजवायच्या त्या टाळ्या वाजवून झाल्या होत्या.

पुढच्या रविवारी ते आले, भिंग काढलं, पुन्हा खिशात ठेवलं. "ताई, टाळ्या पडल्या," एवढंच म्हणाले.

तिथून पुढची चार वर्षं काका आणखी हुशार आणि आणखी कोरडे होत गेले. दर दिवाळीला नवी कथा, आधीच्यापेक्षा वरचढ. आणि दर वर्षी ते मला विचारत, "वाचली का ताई?"

"वाचली ना!"

"पानं उलटायला त्रास नाही ना झाला?"

मला वाटायचं, म्हातारा माणूस, लाजून विचारतोय. मी म्हणायचे, "छे हो, सरसर उलटली. आणि शेवट काय केलाय! एकदम धक्का."

काका माझ्याकडे थोडा वेळ बघत. मग म्हणत, "आभारी आहे."

शेवटची कथा सोसायटीच्या गेटवरच्या वहीची होती. वॉचमनकडे असते ती. तारीख, नाव, कुठून, कोणाकडे, काम, आत येण्याची वेळ, बाहेर जाण्याची वेळ. अख्खी कथा म्हणजे नुसते रकाने. कुरिअरवाला, प्लंबर, २०४ कडे डॉक्टर, १०१ कडे पाहुणे, पुन्हा २०४ कडे डॉक्टर. शेवटची नोंद अशी होती: "दूधवाला. कोणाकडे: सर्व. वेळ: ६.१०." त्यापुढे पान उलटलं की अगरबत्तीची जाहिरात.

मी काकांना सांगितलं, "दूधवाल्यावर संपवलीत! काय शेवट आहे! दूधवाला सर्वांकडे येतो. केवढा अर्थ आहे त्यात."

खरं सांगायचं तर मला काहीच कळलं नव्हतं. पण आजकालच्या कथा अशाच संपतात अशी माझी समजूत होती, आणि काकांची म्हटल्यावर तर विचारायलाच नको. आमच्याकडच्या सगळ्याच वाचकांचं तसंच होतं. बँकेतल्या एका गृहस्थांनी तर त्या दूधवाल्यावर मला दहा मिनिटं ऐकवलं होतं.

त्या वर्षी काका फार वाळले होते. शर्टाचा खिसा भिंगाच्या वजनाने लोंबायचा. अंक तपासायचे आणि निकाल न देताच ठेवून द्यायचे. मला बघवेना. एका शनिवारी मी त्यांचा अंक घेतला, दूधवाल्याच्या नोंदीपाशी चमच्याने पाण्याचे दोन थेंब टाकले, वाळू दिले आणि अंक ढिगात सर्वांत वर ठेवला. वाटलं, म्हाताऱ्याला एवढं सुख द्यायला काय हरकत आहे.

रविवारी काकांनी तो उचलला. भिंग लावलं. त्यांची मान ताठ झाली. पान नाकाशी नेलं. आणि मग, मी बघत असताना, त्यांनी जीभ काढून तो डाग चाटला.

"नळाचं पाणी आहे," ते म्हणाले.

मी म्हटलं, "कोणाचा तरी तांब्या सांडला असेल."

"असेल." त्यांनी भिंग पुसलं. मग अगदी हळू, मला वाईट वाटू नये अशा आवाजात म्हणाले, "ताई, हे दुसरं पान आहे. दुसऱ्या पानावर रडण्यासारखं काही नाही. तिथे फक्त दूधवाला येतो. रडायचं ते चौथ्या पानावर."

माझ्या डोक्यात तेव्हाही उजेड पडला नाही. माझी चोरी पकडली गेली या शरमेत मी चहा टाकायला आत पळाले. आले तर काका निघाले होते. जाताना नेहमीचं वाक्य बोलले. दर रविवारी बोलत. "एकदा बसायला या ताई, चिखलोलीला. स्टेशन झालं की सोपं पडेल."

आणि मी नेहमीचं उत्तर दिलं. "स्टेशन झालं की येते."

जानेवारीत त्यांना झटका आला. पुतण्या येऊन मनमाडला घेऊन गेला. मेच्या अखेरीस त्याचा फोन आला, काका गेले. त्यांच्या पाकिटात वाचनालयाचं कार्ड होतं, त्यावर माझा नंबर होता, म्हणून केला. कार्ड अजून वहिनींच्या नावाचंच होतं. कार्यक्रम मनमाडला होता. मी गेले नाही. दिवाळी अंक परत मागवण्याचे दिवस होते, असं कारण मी स्वतःला दिलं.

त्या जुलैत उल्हास नदी मांजर्लीत शिरली. आम्ही वरच्या मजल्यावर शेजाऱ्यांकडे गेलो म्हणून वाचलो. खाली वाचनालयात पाणी छातीच्या वर गेलं. उतरलं तेव्हा खालच्या दोन फळ्यांवरच्या कादंबऱ्यांचा चिखल झाला होता. सगळ्यात वरच्या फळीवर जुने दिवाळी अंक होते. तेही भिजले, पण पानं शाबूत होती. मी ते गच्चीवर नेले आणि दोऱ्यांवर चिमटे लावून कपड्यांसारखे वाळत घातले. वाचनालय संपलं हे मला कळत होतं. पण हाताला काहीतरी काम हवं होतं.

काकांच्या शेवटच्या कथेचा अंक दोरीवर टाकला तेव्हा तो मधोमध उघडला, आणि मला न पाहिलेली दोन पानं दिसली.

आधी वाटलं, दुसऱ्याच अंकाची पानं येऊन चिकटली. मग आकडे बघितले. डावीकडे तिसरं पान, उजवीकडे चौथं. दूधवाल्यानंतर कथा पुढे चालू होती. दोन्ही पानांच्या एका कोपऱ्यात पांढुरका, बुळबुळीत ठिपका होता. खळ. काकांनी कव्हरं घालता घालता आपल्याच कथेची पुढची दोन पानं एकमेकांना चिकटवून टाकली होती. वाचणाऱ्याने दुसरं पान उलटलं की दोन्ही कागद एकदम उलटत आणि समोर अगरबत्ती येई. पुराच्या पाण्याने खळ सुटली होती.

चौथ्या पानाच्या तळाशी पेन्सिलीने लिहिलं होतं. फाउंटन पेनची शाई असती तर गेली असती. ड्रॉइंगवर असतं तसलं बारीक, सरळ अक्षर:

"इथपर्यंत आलात. आभारी आहे. काय वाटलं ते खाली लिहावे. काही वाटलं नसल्यास तेही लिहावे. नाव नको."

खाली पट्टीने आखलेल्या तीन ओळी. कोऱ्या.

मी बाकीचे तीन अंक दोरीवरून ओढून काढले. वहिनी गेल्यापासूनचे चारही अंक तसेच होते. पहिल्या वर्षी खळ पानाच्या सगळ्या कडेला लावलेली. दुसऱ्या वर्षी निम्म्या कडेला. तिसऱ्या वर्षी दोन कोपऱ्यांना. आणि शेवटच्या, त्या गेटवहीच्या कथेत, फक्त एका कोपऱ्यात, शिताएवढी. नखाने नाही, नुसत्या फुंकरीने सुटली असती. तीन अंकांत ओळी कोऱ्या होत्या. एकात, तिसऱ्या वर्षीच्या, कोणीतरी पान सोडवलं होतं आणि पहिल्या ओळीवर बॉलपेनने लिहिलं होतं, "गॅस मंगळवारनंतर येईल." म्हणजे चार वर्षांत एक माणूस चौथ्या पानावर पोचला आणि त्याला गॅस आठवला. त्याखाली काकांनी पेन्सिलीने "आभारी आहे" लिहिलं होतं आणि पान पुन्हा चिकटवलं होतं.

मी गच्चीच्या कठड्याला टेकून खाली बसले. अर्ध्यावर तुटलेली कथा मी चार वर्षं पूर्ण म्हणून घेतली होती. शेवट काय केलाय, म्हणाले होते. सरसर उलटली, म्हणाले होते. आणि समोर बसलेल्या त्या माणसाला दर वेळी माहीत होतं की ही बाई खोटं बोलते आहे. एकदाही त्याने मला तोंडघशी पाडलं नाही. मला स्वतःची एवढी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती.

मग मी तिसरं पान वाचलं. २०४ कडे डॉक्टर. २०४ कडे मेडिकलवाला. २०४ कडे नर्स. अँब्युलन्स, कोणाकडे: २०४, काम: हा रकाना रिकामा. दुसऱ्या दिवशी एका खाली एक सत्तावीस नावं, सगळी २०४ कडे, सगळ्यांचं काम: बसायला. त्याच्या दुसऱ्या दिवशी नऊ. मग दोन. मग चौथं पान. कुरिअर, ३०३. प्लंबर, १०१. पाहुणे, ४०२. "दूधवाला. कोणाकडे: २०४ सोडून सर्व. वेळ: ६.१०." तीच ओळ दुसऱ्या दिवशी. तीच तिसऱ्या दिवशी. आणि सगळ्यात शेवटी एक नोंद. नाव: २०४ मध्ये राहणाऱ्याचंच. कोणाकडे: २०४. काम: बसायला.

आई नव्हती, कुत्रं नव्हतं, दवाखाना नव्हता. काकांनी आपला नियम मोडला नव्हता. नुसत्या रकान्यांची कथा होती, आणि मी गच्चीवर बसून मोठ्याने रडले. कागदावर थेंब पडले. या वेळी पान बरोबर होतं. पण अंक आधीच नदीने इतका भिजवला होता की त्यातला माझा थेंब कोणता हे काकांनाही भिंगातून सांगता आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी रिक्षा करून चिखलोलीला गेले. पंधरा मिनिटं लागली. स्टेशन झालेलं नव्हतं. गेटवर वॉचमनने विचारलं, "किधर जाना है?"

"३०२. पगारे."

"वो अंकल तो ऑफ हो गए मैडम. फ्लैट बंद है."

"मालूम है." मी त्याला गेटची जुनी वही मागितली. नवी दिली असती तरी चाललं असतं. मला फक्त असा रकाना डोळ्यांनी बघायचा होता. त्याने टेबलाच्या खणातून काढून दिली. मी डिसेंबरची पानं उलटायला लागले, आणि एका रविवारच्या नोंदीत काकांचं ते बारीक, सरळ अक्षर सापडलं.

नाव: सौ. नीला पेडणेकर. कुठून: वाचनालय, मांजर्ली. कोणाकडे: ३०२. काम: बसायला. आत येण्याची वेळ: ११.३०. बाहेर जाण्याची वेळ: कोरी.

आदल्या रविवारी तीच ओळ. त्याच्या आदल्या रविवारी तीच. नोव्हेंबर, ऑक्टोबर, सप्टेंबर. वही मागे मागे जात होती आणि दर रविवारी मी साडेअकराला पगारेकाकांकडे बसायला येत होते.

"ये मैडम तो कभी आई नहीं," वॉचमन माझ्या खांद्यावरून बघत म्हणाला. "अंकल खुद लिखते थे. मैं बोला, आई नहीं तो क्यों लिखते हो? बोले, आनेवाली हैं, लिख के रखता हूँ. आप पहचानती हैं इनको?"

मी मान हलवली. ती हो होती की नाही, मला माहीत नाही.

मी नवी वही मागून घेतली आणि स्वतःच्या हाताने ओळ भरली. सगळे रकाने तेच. वेळ पाच चाळीस. तीन जिने चढून गेले. दाराला कुलूप होतं, पाटीवर दोघांचीही नावं होती. तिथे बसायला जागा नव्हती, मी थोडी उभी राहिले आणि खाली आले. वॉचमनने पेन पुढे केलं. बाहेर जाण्याची वेळ मी टाकली. पाच पंचेचाळीस.